मिरजोळीचे हमीद दलवाई

कामठीच्या शाखेत असताना मी ‘इंधन’ वाचली. समोर कुणी विणकर खातेदार आला, की पुस्तक खणात सरकवीत असे. भीती कसली, कोण जाणे!

लेखक हमीद दलवाई मात्र भ्यायले नाहीत. जन्म १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. मुसलमान आणि मराठी, दोन्ही असणे त्यांना सहज होते. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकाविरुद्ध अवघ्या सात स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. चळवळीने आमच्यातला एक कादंबरीकार नेला, ही चुटपुट मला आहेच.

मूत्रपिंडांच्या विकाराने १९७७ साली, ४४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार दफन नव्हे, दहन झाले. कोणत्याही धार्मिक विधीविना.