सायकलच्या दुकानातून कारखान्यापर्यंत : बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो लोक जातात. कुणी खरेदीला, कुणी ऑफिसला, कुणी कॉलेजला. या रस्त्याला हे नाव का पडलं, हे मात्र आजच्या पोरांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. 1888 साली याच रस्त्यावर सायकलींचं एक लहानसं दुकान सुरू झालं होतं. ते काढणाऱ्या दोन भावांपैकी धाकट्याचं वय होतं उणंपुरं 19. म्हणजे आज जी मुलं बीकॉम किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतात, तेवढंच.

तो धाकटा भाऊ म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. पुढे त्यांचं नाव लोखंडी नांगराबरोबर देशभर गेलं. पण सुरुवात झाली ती शिकता शिकता, नोकरी सांभाळून केलेल्या जोडधंद्यातून.

गुर्लहोसूर ते मुंबई

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्ह्यातलं, मलप्रभेच्या काठचं. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. घराण्याचं मूळ कोकणातलं, पण पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखात राहून घरात मराठी टिकवणारी जी कुटुंबं सीमाभागात आजही आहेत, त्यातलंच हे एक.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पाठांतर, चर्चा. लक्ष्मणरावांचं लक्ष मात्र पुस्तकात कमी आणि चित्रात, यंत्रात जास्त. शाळेत त्यांचा जीव रमेना. चित्रकार व्हायचं मनात होतं आणि त्यासाठी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं. चित्रं काढून पोट कसं भरणार, हा वडिलांचा प्रश्न त्या काळी रास्तच होता. घरातून होकार मिळेना.

इथे मोठे बंधू रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. खर्चाचा भार त्यांनी उचलला आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला गेले. या दोन भावांची जोडी पुढे आयुष्यभर टिकली. किर्लोस्कर बंधू हे पुढच्या धंद्याचं नाव या जोडीवरूनच आलं.

रंग दिसेनात

मुंबईत दोन वर्षं गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. रेषा पक्की होती, आकार बरोबर उतरत होता, पण रंगांत घोळ होत होता. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. डोळ्यांत जन्मजात दोष होता. याला औषध नाही, आणि रंग न ओळखणारा चित्रकार होणार कसा? ज्या स्वप्नासाठी वडिलांचा शब्द मोडला, भावाने पदरचे पैसे घातले, ते स्वप्न तिथेच संपलं.

कुणी दुसरा असता तर सामान गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी हिशेब वेगळा केला. रंग जमत नाहीत, पण रेषा जमते. मग ज्या चित्राला रंग लागत नाही तेच शिकावं. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं काढायचं शिक्षण पुढे चालू ठेवलं. चाक, दट्ट्या, दांडा, मापं हे सगळं त्यांच्या हाताला आणि डोक्याला मानवलं. लहानपणापासून यंत्राचं वेड होतंच.

मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिथे यंत्ररेखन शिकवायला साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी लागली. शिकवणारे असले तरी लक्ष्मणराव अजून विद्यार्थीच होते. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं कशी उघडायची, कशी जोडायची, हे ते स्वतः हात काळे करून शिकले. अमेरिकेतून येणारी यंत्रांवरची मासिकं वाचायची सवयही त्यांना होती. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. होतं ते वाचन, निरीक्षण आणि हातातली कला.

दोन भाऊ, एक धंदा

सायकल ही तेव्हा अगदी नवी चीज होती. दोन सारखी चाकं आणि साखळी असलेली, आज आपण पाहतो तशी सायकल विलायतेत 1885 च्या सुमारास बाजारात आली. डनलॉपने हवा भरलेला टायर बनवला तो 1888 साली. म्हणजे जगालाच जी वस्तू नवी होती, ती बेळगावात विकायचं या दोन भावांनी ठरवलं. गावात लष्कराची छावणी, सरकारी कचेऱ्या, वकील-डॉक्टर मंडळी. नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळालं तर अशाच गावात मिळणार.

कामाची वाटणी सरळ होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा इथे विकायचे. पण ज्या माणसाने आयुष्यात सायकल पाहिलेली नाही, तो ती घेऊन करणार काय? म्हणून सायकल चालवायला शिकवायचं कामही दुकानातच. त्याची वेगळी फी. सायकल मोडली तर दुरुस्तीही तिथेच. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती, एका वस्तूवर तीन कामं.

आज ज्याला स्टार्टअप म्हणतात त्यात हेच असतं. दुसरं कुणी विकत नाही अशी वस्तू, ती वापरायला शिकवायची तयारी आणि नंतरची सेवा. भांडवल बेताचं, पण एकाची नोकरी चालू असल्यामुळे धंदा बुडाला तरी चूल बंद पडणार नव्हती. धंदा रुजेपर्यंत नोकरी सोडायची नाही, हे त्यांचं धोरण आजच्या मुलांनीही लक्षात घेण्यासारखं आहे.

नोकरी सुटली ती दुसऱ्याच कारणाने. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम कुणाचं चांगलं, यापेक्षा रंग कुणाचा गोरा, याला तेव्हा जास्त किंमत होती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पुन्हा दुसऱ्याची चाकरी करायची नाही, हे पक्कं झालं होतं.

कडबा, नांगर आणि दोन वर्षांची वाट

परत आल्यावर एकट्या सायकलवर भागणार नव्हतं. त्यांनी पवनचक्क्या विकून पाहिल्या. मग नजर गेली शेतकऱ्याच्या गोठ्याकडे. ज्वारीचा कडबा जनावरापुढे अख्खा टाकला की बुडखे तसेच पडून राहतात, वाया जातात. कडबा बारीक कापून घातला तर जनावर सगळं खातं. लक्ष्मणरावांनी हाताने चालवायचं कडबा कापण्याचं यंत्र तयार केलं. आता ते दुसऱ्याची वस्तू विकणारे राहिले नव्हते, स्वतःची वस्तू बनवणारे झाले होते.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. 1903 च्या सुमारास पहिला नांगर तयार झाला. आपला शेतकरी लाकडी नांगराने जमीन ओरखडायचा. लोखंडी नांगर माती खोलवर जाऊन उलटायचा, तणाची मुळं वर काढायचा. फायदा डोळ्यांना दिसण्यासारखा होता. पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंड लागलं की जमिनीला विष बाधतं, अशी समजूत घट्ट होती. वाडवडिलांनी लाकडाने नांगरलं, आपण कशाला लोखंड घालायचं, असं शेतकरी म्हणे.

पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. माल तयार, पैसा अडकलेला, गिऱ्हाईक नाही. या दोन वर्षांत लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले. शेतात नेऊन चालवून दाखवायचं, कुठे अडतं ते पाहायचं, परत येऊन बदलायचं. सायकल विकताना चालवायला शिकवावी लागते हा दुकानातला धडा इथे कामी आला. वस्तू समजावून दिल्याशिवाय खपत नाही.

बेळगावने जागा काढून घेतली

धंद्याला जरा बरे दिवस येतायत तोवर घाव बसला तो आपल्याच गावात. ठळकवाडीची नवी वसाहत उभी करायचं नगरपालिकेने ठरवलं आणि कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. गावाच्या दृष्टीने तो विकास होता. कारखान्याच्या दृष्टीने होतं उखडणं. भट्टी, यंत्रं, कामगार हे सगळं उचलून न्यायचं कुठे, आणि पैसा आणायचा कुठून?

याच सुमाराला लक्ष्मणराव औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, नव्या कामाची आवड असलेले. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात यायचं बोलावणं दिलं. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज देऊ केलं.

जमीन होती ती निव्वळ माळ. निवडुंग, साप, पाण्याची टंचाई. 10 मार्च 1910 रोजी तिथे कामाला सुरुवात झाली. बेळगावचे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह बरोबर गेले. एका माणसाच्या भरवशावर इतकी माणसं घरदार सोडून माळावर राहायला गेली, यातच लक्ष्मणरावांची पत दिसते. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

माळावरचं गाव

वाडीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. हिशेब मंगेशराव रेगे सांभाळत. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर अशी माणसं यंत्रांच्या कामाला. फळणीकरांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलेलं, पण यंत्रात डोकं असं की ते नामांकित कारागीर झाले. प्रमाणपत्रापेक्षा हात पाहून माणूस घ्यायचा, ही लक्ष्मणरावांची पद्धत. स्वतःच पदवीशिवाय उभे राहिलेले असल्यामुळे दुसऱ्याला त्यांनी पदवी विचारली नाही.

त्यांनी वाडीत शिवाशीव चालू दिली नाही. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. त्या काळी हे धाडसच होतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून येणारं लोखंड बंद पडलं. नांगराला मागणी होती, पण ओतायला धातू नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानात पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर बनले. कधीकाळी लढाईला आलेलं लोखंड शेताच्या कामाला लागलं.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातम्यांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत वाचलं गेलं. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पंप असा माल वाढत गेला. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून 1926 साली परतला आणि त्याने कारभार पुढे नेला. नंतरच्या काळात हरिहर, बेंगळूरु, पुणे इथे कारखाने उभे राहिले. एका सीमेच्या अल्याड नि पल्याड, दोन्हीकडे.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. वय 87. त्यानंतर साधारण सव्वा महिन्याने, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना होऊन बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. ज्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यात, शिक्षण मुंबईत, कारखाना औंध संस्थानात, त्यांना ही नवी रेघ पाहावी लागली नाही. 1969 साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आज काय घ्यायचं

सीमाभागातल्या कॉलेजांतली कितीतरी मुलं आज डिग्री हातात यायच्या आधीच काहीतरी लहानसं सुरू करतायत. कुणी मोबाईल दुरुस्त करतं, कुणी घरचे मसाले विकतं, कुणी डिझाइनची कामं घेतं. घरचे म्हणतात, आधी शिक पुरतं. लक्ष्मणरावांच्या घरीही वेगळं काही नव्हतं. त्यांनी शिक्षण टाकलं नाही, नोकरीही घाईने टाकली नाही. एक वस्तू निवडली, एक भाऊ बरोबर घेतला आणि गिऱ्हाईकाला शिकवायची लाज बाळगली नाही. चित्रकला हातची गेली तेव्हा रेषा धरून ठेवली, जागा गेली तेव्हा माणसं धरून ठेवली.

कारखाना बेळगावातून गेला तो कायमचा. गावाने तेव्हा काय घालवलं, ते कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. रस्त्याचं नाव तेवढं राहिलं आहे. पुढच्या वेळी किर्लोस्कर रोडवरून जाताना एखाद्या लहानशा दुकानात कुणी कॉलेजचं पोरगं काउंटरवर दिसलं, तर त्याच्याकडून एखादी वस्तू जरूर घ्यावी.