पळून आलेल्या ननशी लग्न करणारा साधू, ज्याने युरोपला संसाराची किंमत शिकवली

१३ जून १५२५. जर्मनीतलं विटेनबर्ग नावाचं गाव. संध्याकाळी मोजक्या मित्रांच्या साक्षीने तिथे एक लग्न लागलं. नवरा ४१ वर्षांचा, नवरी २६ वर्षांची. नवरा आठ-नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत साधूची कफनी घालून फिरायचा आणि नवरी मठातून पळून आलेली नन होती.

आता हे ऐकून आपल्याला पटकन आठवतात ते ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत. संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून समाजाने त्या घराचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. युरोपातही या लग्नावर असाच गहजब झाला. साधू आणि नन यांच्या पोटी सैतानाचा अवतार जन्माला येणार अशी जुनी समजूत होती, ती लोकांनी पुन्हा उकरून काढली. मोठमोठ्या विद्वानांनी टोमणे मारले. नवऱ्याचा सगळ्यात जवळचा सहकारी मेलांख्टन याला लग्नाला बोलावलंच नव्हतं, तर त्याने चिडून एका मित्राला चक्क ग्रीकमध्ये पत्र लिहून आपली नाराजी कळवली.

नवऱ्याचं नाव होतं मार्टिन ल्यूथर.

ल्यूथर म्हटलं की शाळेतलं एक वाक्य डोक्यात येतं. १५१७ साली त्याने ९५ मुद्दे मांडून पोपला आव्हान दिलं आणि त्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाला. ते खरंच आहे. पण त्याने आणखी एक गोष्ट केली जी पुस्तकात दोन ओळींत उरकतात. लग्न ही दुय्यम दर्जाची गोष्ट आहे, हा युरोपातला शेकडो वर्षांचा समज त्याने मोडून काढला.

ल्यूथरचा जन्म १४८३ चा, आयस्लेबेनचा. बाप हान्स तांब्याच्या खाणीच्या धंद्यात वर आलेला माणूस. पोराने वकील व्हावं, चांगल्या घरातली मुलगी करावी, म्हातारपणी आपल्याला बघावं, असा त्याचा साधा हिशोब होता. पोरगं शिकायला एरफुर्टला गेलं आणि जुलै १५०५ मध्ये वाटेत वादळात सापडलं. जवळच वीज कोसळली. घाबरलेल्या मार्टिनने संत ॲनाला नवस बोलला की वाचव, मी साधू होतो. वाचला आणि खरंच मठात गेला. बाप इतका भडकला की विचारू नका. हा राग पुढे वीस वर्षं धुमसत राहिला आणि या लग्नामागच्या कारणांत तोही एक आहे.

त्या काळच्या चर्चची शिकवण समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चर्च लग्नाला पवित्र संस्कार मानायचं, पण देवाच्या जवळ जायचं तर ब्रह्मचर्य श्रेष्ठ. साधू, नन, पाद्री हे वरच्या पायरीवर आणि पोराबाळांत अडकलेले लोक खालच्या. बाराव्या शतकापासून पाद्र्यांना लग्नाची बंदी पक्की झाली होती. प्रत्यक्षात कितीतरी पाद्री बाई ठेवून राहायचे, त्यांना मुलं व्हायची आणि काही ठिकाणी बिशप त्याबद्दल दंड घेऊन गप्प बसायचे. म्हणजे बायको म्हणून नांदवणं पाप आणि दंड भरून ठेवणं चालेल. ल्यूथरचा मुद्दा सरळ होता. बायबलमध्ये पाद्र्यांना लग्नाची बंदी कुठेच नाही, ही माणसांनी घातलेली अट आहे. १५२० पासून तो हे उघड लिहायला लागला.

१५२२ साली त्याने वैवाहिक जीवनावर एक पुस्तिकाच काढली. तिच्यातला एक मुद्दा पाचशे वर्षांनीही लोक सांगतात. बाळाची लंगोटं धुणं, रात्री उठून त्याला जोजवणं, बायकोची काळजी घेणं, या कामांना शहाणे लोक नाकं मुरडतात. ल्यूथर म्हणत होता की श्रद्धेने केलं तर हे काम साधूच्या उपासतापासापेक्षा कमी नाही, आणि लंगोटं धुणाऱ्या बापाला जग हसत असेल तर हसू द्या, देव त्याच्यावर खूश होऊन हसतो. हे लिहिलं तेव्हा स्वतः ल्यूथर ब्रह्मचारी होता, ही गंमत सोडा. पण संसार म्हणजे भक्तीतला अडथळा नसून तीच भक्ती, हा विचार छापखान्यातून जर्मनीभर गेला.

तो एका मठातही पोहोचला. ग्रिमाजवळच्या निम्ब्शेनच्या मठात कॅथरीना फॉन बोरा नावाची नन होती. जन्म १४९९ चा, सरदार घराण्यातली पण घरची गरिबी. पाच-सहा वर्षांची असताना तिला मठाच्या शाळेत टाकलं होतं आणि सोळाव्या वर्षी तिने व्रत घेतलं. तिची इच्छा कुणी विचारली असेल असं वाटत नाही. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ल्यूथरला गुपचूप निरोप धाडला की आम्हाला इथून सोडवा.

ननला मठातून पळवणं हा देहदंडाचा गुन्हा होता. ल्यूथरने लेओनहार्ड कॉप नावाच्या टोरगावच्या व्यापाऱ्याला गाठलं. हा मठाला माल पुरवायचा, त्यात हेरिंग मासेही असायचे. १५२३ च्या ईस्टरच्या रात्री त्याच्या गाडीतून बारा जणी बाहेर पडल्या. मासळीच्या पिंपात लपून आल्या ही गोष्ट मागाहून रंगवलेली दिसते, पण पळाल्या हे पक्कं. नऊ जणी विटेनबर्गला आल्या.

आता त्यांचं करायचं काय? ल्यूथर चक्क वधू-वर सूचक मंडळ होऊन बसला. एकेकीसाठी स्थळं बघितली, काहींना नातेवाइकांकडे धाडलं. कॅथरीनाचं न्यूरेम्बर्गच्या एका श्रीमंत घरातल्या मुलाशी जमत आलं होतं, पण पळून आलेली नन सून म्हणून त्या घराला चालली नाही. मग ल्यूथरने एका वयस्कर पाद्र्याचं स्थळ आणलं. तिने साफ नकार दिला आणि ल्यूथरच्या मित्राला जाऊन सांगितलं की हे नको, करीन तर तुमच्याशी नाहीतर डॉक्टर ल्यूथरशी.

१५२५ साली, अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नसलेली बाई हे बोलते, यातच ती काय होती ते कळतं.

ल्यूथरला लग्न करायचंच नव्हतं. धर्मद्रोही म्हणून आपल्याला कधीही जाळतील असं त्याला वाटायचं. पण आईवडिलांकडे गेला तर म्हाताऱ्या हान्सने नातवाचा विषय काढला. शेवटी त्याने ठरवलं. आपण प्रेमात बुडून लग्न केलेलं नाही, वडिलांचं मन राखायला, पोपला चिडवायला आणि जे शिकवलं ते करून दाखवायला केलंय, हे तो मित्रांना उघड सांगायचा. वेळही अशी निवडली की शेतकऱ्यांच्या बंडात हजारो माणसं नुकतीच कापली गेली होती आणि बंडखोरांना चिरडा असं लिहिणारा ल्यूथरच होता. तो डाग कायमचा आहे.

मग संसार सुरू झाला. राहायला जागा म्हणजे रिकामा झालेला जुना मठच. ल्यूथरची गवताची गादी वर्षभर कुणी झटकलीसुद्धा नव्हती. कॅथरीनाने तिथून सुरुवात केली. भाजीमळा, गाईगुरं, डुकरं, मासळीचं तळं, घरची बिअर, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, सगळं तिने उभं केलं. पहाटे चारला उठायची म्हणून ल्यूथर तिला पहाटेचा तारा म्हणायचा. आणि चेष्टेत मालकसुद्धा म्हणायचा, स्त्रीलिंगी नव्हे, पुल्लिंगी.

मालक म्हणायला कारण होतं. हा माणूस व्यवहारात शून्य. पुस्तकं जर्मनीभर खपायची, पण छापखान्याकडून मानधन घ्यायचा नाही. दारात कुणी आलं की घरातली भांडी देऊन टाकायचा. एकदा मित्राला आहेर म्हणून एक भांडं पाठवायचं ठरवलं, तर पत्रात खाली लिहावं लागलं की बायकोने ते लपवून ठेवलंय. लग्नात माइंझच्या आर्चबिशपने, म्हणजे थेट विरोधी पार्टीने, २० सोन्याची नाणी पाठवली. ल्यूथरने तत्त्वासाठी नाकारली. कॅथरीनाने तत्त्व बाजूला ठेवून घेतली.

पहिल्या वर्षाबद्दल तो नंतर हसत सांगायचा की सकाळी डोळे उघडले की उशीवर दोन वेण्या दिसायच्या आणि नवल वाटायचं. तो लिहीत बसला की ती शेजारी सूत कातत बसायची आणि बोलायला विषय हवा म्हणून विचारायची, प्रशियाचा ग्रँड मास्टर हा मार्ग्रेव्हचा भाऊ का हो? दोघं एकच माणूस होते. पण पुढे तीच जेवणाच्या टेबलावर धर्माच्या वादात बोलायला लागली, काही विद्यार्थ्यांना ते खटकायचं. बायबल पूर्ण वाचलंस तर ५० नाणी देईन, अशी पैजही ल्यूथरने तिच्याशी लावली होती.

या वर्षांत त्याचं लग्नाबद्दलचं मत बदललेलं दिसतं. आधी तो लग्नाकडे मुख्यतः वासनेवरचा उपाय म्हणून बघायचा. नंतर सोबतीबद्दल बोलायला लागला. पहिलं प्रेम नशेसारखं असतं, ती उतरल्यावर जे उरतं ते खरं वैवाहिक प्रेम, आणि माणसाचा स्वभाव घडवायला मठापेक्षा घर ही जास्त कडक शाळा आहे, असं तो सांगायचा. आईबापांनी पोरांवर लग्न लादू नये हेही त्याने लिहिलं, आणि पोरांनी चोरून लग्नं ठरवू नयेत हेही. व्यभिचार झाला किंवा जोडीदार सोडून गेला तर घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करता यावं, ही त्याची भूमिका चर्चला अजिबात मान्य नव्हती. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ब्रह्मचर्यच श्रेष्ठ असं पुन्हा ठणकावलं, पण लग्न पाद्री आणि साक्षीदारांसमोर लागलं पाहिजे हा नियमही केला.

बाईने घर सांभाळावं, डोकं नवऱ्याचं चालावं, हेच ल्यूथर शेवटपर्यंत मानायचा, घरात उलटं चालू असलं तरी. आणि एक फार मोठी चूक त्याने केली. हेसचा राजा फिलिप याला पहिली बायको असताना दुसरी करायची होती. ल्यूथर आणि मेलांख्टनने १५३९ मध्ये त्याला गुपचूप मुभा दिली. बातमी फुटली तेव्हा ल्यूथरचा सल्ला होता की सरळ खोटं बोला. लग्नाच्या पावित्र्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाचं हे वागणं त्याच्या चाहत्यांनाही सावरता आलं नाही.

दोघांना सहा मुलं झाली. एलिझाबेथ आठ महिन्यांची असतानाच गेली. मॅग्डालेना १५४२ साली तेराव्या वर्षी आजारी पडली आणि ल्यूथरच्या हातातच तिने जीव सोडला. मृत्यूनंतर देवाघरची खात्री लाखो लोकांना देणारा हा माणूस, पण आपण दोघंही रडू आवरू शकत नाही हे त्याने मित्राला पत्रात मान्य केलं.

त्याच वर्षी त्याने मृत्युपत्र केलं. वकील बोलावला नाही, त्या जमातीवर त्याचा राग होता. तेव्हाच्या कायद्यात विधवेवर पुरुष पालक नेमायचे. ल्यूथरने उलट लिहिलं. सगळं कॅथरीनाचं आणि मुलांची पालकही तीच. मुलांनी आईच्या हाताकडे बघावं, आईला मुलांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये, असा त्यामागचा विचार होता.

जानेवारी १५४६ मध्ये तो जन्मगावी आयस्लेबेनला एक भांडण मिटवायला गेला. कॅथरीना काळजीने पत्रं पाठवत राहिली आणि हा उत्तरात चेष्टा करत राहिला की तुझ्या काळजीमुळेच इथे संकटं यायला लागलीत. १८ फेब्रुवारीला तो तिथेच वारला. त्याची तिला लिहिलेली पत्रं आज वाचायला मिळतात, तिची त्याला लिहिलेली मात्र उरलेली नाहीत.

मृत्युपत्र कायद्याच्या नमुन्यात नव्हतं. अधिकाऱ्यांनी ते धरलं नाही, राजाने मध्ये पडून काही भाग मान्य केला, तरी मुलांवर पालक नेमलेच गेले. लगेच युद्ध पेटलं, कॅथरीनाला दोनदा गाव सोडून पळावं लागलं, परतली तेव्हा मळे आणि गोठे उजाड झालेले. तिने कर्ज काढून पुन्हा घर उभं केलं आणि पुन्हा विद्यार्थी ठेवले. १५५२ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. मुलांना घेऊन ती निघाली, वाटेत घोडे बिथरले आणि गाडीतून ती गार पाण्याच्या चरात पडली. त्या दुखण्यातून उठली नाही. २० डिसेंबरला ती गेली. तिची कबर टोरगावच्या चर्चमध्ये आहे, ज्या गावच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून २९ वर्षांपूर्वी ती मठाबाहेर पडली होती.