पराभूतांची वाणी जपणारा व्रतस्थ : फादर बेर्नार्दिनो दे साहागून

दरवर्षी ९ ऑगस्ट रोजी जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. मूळ रहिवाशांचे आरोग्य, त्यांची शासनव्यवस्था, त्यांचा इतिहास आणि त्यांचे हक्क यांवर आज अनेक विद्यापीठांत संशोधन चालते. मात्र सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी मेक्सिकोमधील एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने याच कार्यासाठी आपले आयुष्य वेचले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या फादर बेर्नार्दिनो दे साहागून यांच्या जीवनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

इ. स. १४९९ च्या सुमारास स्पेनमधील साहागून या गावी त्यांचा जन्म झाला. सालामांका येथील विख्यात विद्यापीठात शिक्षण घेत असतानाच ते संत फ्रान्सिसच्या संघात दाखल झाले. १५२९ साली ते मिशनकार्यासाठी मेक्सिकोला पोहोचले. स्पॅनिश सैन्याने अॅझ्टेक लोकांची राजधानी जिंकून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. मंदिरे पाडली गेली होती, चित्रलिपीतील पोथ्या जाळल्या जात होत्या, आणि जित लोकांना बुद्धी तरी आहे काय, अशी शंका काही युरोपीय उघडपणे घेत होते.

फादर साहागून यांनी तेथील नाहुआत्ल भाषेवर प्रभुत्व मिळवले. १५३६ साली प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला त्लातेलोल्को येथे पवित्र क्रूसाचे महाविद्यालय सुरू झाले. तेथे ते मूळ रहिवाशांच्या मुलांना लॅटिन शिकवू लागले. ही मुले इतकी पारंगत झाली की टीकाकारांची तोंडे बंद झाली. तरीही १५५५ च्या प्रांतीय धर्मपरिषदेने त्यांच्यासाठी धर्मगुरुपदाचे दार बंदच ठेवले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ही उणीव आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

१५४५ साली भयंकर साथ आली. एकट्या त्लातेलोल्कोमध्ये आपण दहा हजारांहून अधिक मृतांना मूठमाती दिल्याची नोंद फादर साहागून यांनी केली आहे. अखेरीस ते स्वतःही आजारी पडले, परंतु त्यातून बचावले. माणसांबरोबर त्यांचे ज्ञानही मातीआड जात असल्याचे ते डोळ्यांनी पाहत होते. १५४७ च्या सुमारास त्यांनी वडीलधाऱ्यांची पारंपरिक उपदेशपर भाषणे लिहून घेण्यास आरंभ केला.

पुढे १५५८ साली वरिष्ठांनी त्यांना हे काम रीतसर सोपवले. त्यांची कार्यपद्धती आजच्या संशोधकांनाही अचंबित करते. प्रथम त्यांनी प्रश्नांची यादी तयार केली. मग तेपेपुल्को या गावी दहा-बारा जाणत्या वृद्धांना एकत्र बसवून त्यांना ते प्रश्न विचारले. वृद्धांनी आपल्या रीतीप्रमाणे चित्रांतून उत्तरे दिली आणि महाविद्यालयात शिकलेल्या तरुणांनी त्या चित्रांखाली त्यांचा अर्थ नाहुआत्लमध्ये लिहिला. त्यानंतर त्लातेलोल्को आणि मेक्सिको नगरातील जाणत्यांकडून तोच मजकूर पुन्हा तपासून घेण्यात आला. आन्तोनियो व्हालेरियानो, आलोन्सो व्हेगेरानो, मार्तिन हाकोबिता आणि पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या आपल्या सहकाऱ्यांची नावे फादरांनी आदराने नोंदवून ठेवली. यांपैकी व्हालेरियानो पुढे मेक्सिको नगरातील मूळ रहिवाशांचे प्रशासक झाले. ग्वादालूप मातेच्या दर्शनाचा नाहुआत्ल वृत्तान्तही परंपरेने त्यांच्याच नावे ओळखला जातो.

अशा रीतीने बारा भागांचा महाग्रंथ सिद्ध झाला. त्यात राजाची निवड कशी होई, न्यायदान कसे चाले आणि लाच घेणाऱ्या न्यायाधीशांना कोणती शिक्षा होई, याचे वर्णन आहे. रोग व उपचार यांची माहिती तेथील वैद्यांकडूनच घेतलेली आहे. मोडलेले हाड कसे बसवावे, जखम कशी शिवावी, कोणती वनस्पती कोणत्या विकारावर द्यावी, हे सारे त्यात येते. बाराव्या भागात तर स्पॅनिश आक्रमणाचा आणि १५२० च्या देवीच्या साथीचा वृत्तान्त जित लोकांच्या तोंडून आला आहे.

फादर साहागून आपल्या काळाच्या मर्यादांतून मुक्त होते, असे आम्ही म्हणणार नाही. जुनी मूर्तिपूजा ओळखून ती उपटून काढता यावी, हा त्यांचा एक हेतू होता. तेपेयाक टेकडीवरील मरियाभक्तीकडेही ते संशयाने पाहत. परंतु उत्तरे ऐकता ऐकता त्या लोकांच्या बुद्धीविषयी व नीतिमत्तेविषयी त्यांचा आदर वाढत गेला आणि तो त्यांनी निर्भयपणे लिहून ठेवला.

या कार्याला विरोधही कमी झाला नाही. १५७० साली लेखनिकांवरील खर्च दारिद्र्यव्रताशी विसंगत ठरवून संघाने तो बंद केला. सत्तरी गाठलेल्या फादरांचे हात तोवर थरथरू लागले होते, त्यामुळे स्वतः लिहिणे त्यांना जमेना. त्यांचे कागद निरनिराळ्या मठांत विखुरले गेले. काही वर्षांनी ते परत मिळाले आणि १५७५ पासून वरिष्ठ फादर रोद्रिगो दे सेकेरा यांच्या पाठिंब्याने ग्रंथाची स्पॅनिश व नाहुआत्ल अशी द्विभाषिक प्रत तयार होऊ लागली. १५७६ च्या नव्या साथीतही लेखक-चित्रकारांनी काम थांबवले नाही. सुमारे अडीच हजार चित्रांनी ती प्रत सजली. मात्र १५७७ साली राजा फिलिप दुसरा याने हे सर्व लेखन ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. ग्रंथ युरोपात गेला. १५९० साली वयाच्या नव्वदीत फादरांनी मेक्सिकोतच देह ठेवला. त्यांच्या हयातीत तो ग्रंथ छापला गेला नाही.

ती प्रत आज इटलीतील फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात सुरक्षित आहे. २०१५ साली युनेस्कोने फादरांच्या कार्याचा जागतिक स्मृती-वारशात समावेश केला. संपूर्ण प्रत आता संगणकावर सर्वांना पाहता येते. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेनुसार नाहुआत्ल बोलणारे सोळा लाखांहून अधिक लोक तेथे आहेत, आणि आपल्या पूर्वजांचे शब्द ते आता स्वतः वाचू शकतात. त्याच महाविद्यालयात १५५२ साली मार्तिन दे ला क्रूस या स्थानिक वैद्याने रचलेला वनौषधींचा ग्रंथ व्हॅटिकनमध्ये होता. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो मेक्सिकोला परत केला. ज्याचे होते ते त्याला मिळाले.

शुभवर्तमान सांगायला गेलेला हा धर्मगुरू आधी शिष्य होऊन वृद्धांसमोर बसला. आपल्या धर्मग्रामांतील आदिवासी बांधवांकडे आपण बहुधा काही देण्यासाठीच जातो. त्यांच्याकडून काही ऐकून घेण्यासाठी आपण किती वेळा बसलो, हा प्रश्न फादर साहागून यांचे जीवन आपणा सर्वांना विचारीत आहे. परमेश्वर आपल्याला तशी नम्रता देवो.