अब्दुल्लाह युसूफ अली : बेचाळिसाव्या वर्षी घेतलेला विलायतेचा निर्णय

पनवेलच्या मुस्लिम नाक्यावर असो, तळोज्यात असो की बारापाड्याला, ज्या घरात मुलं इंग्रजीतून शिकली आहेत त्या घराच्या कपाटात वरच्या फळीवर कुरआन शरीफचा एक जाडजूड इंग्रजी तर्जुमा बऱ्याचदा दिसतो. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि खाली बारीक अक्षरात टीपाच टीपा. कोणी हजहून येताना आणलेला, कोणी दुबईत विकत घेतलेला. त्यावर नाव असतं अब्दुल्लाह युसूफ अली. नाव सगळ्यांना माहीत, माणूस मात्र फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईत शिकलेला हा मुलगा कुठे कुठे राहिला आणि शेवटी कुठे गेला, हे आज आम्ही सांगणार आहोत. त्याला कारण आहे.

आमच्या ओळखीत असा मोहल्ला नाही जिथे हा प्रश्न चर्चेला येत नाही. माणूस विशीत कुवेत, कतार, सौदीला गेला, पंधरा-वीस वर्षं काढली. आता वय चाळीस-पंचेचाळीस. पुढे काय? तिथेच राहायचं? कॅनडा किंवा इंग्लंडची फाईल लावायची? की पनवेलला येऊन फ्लॅटच्या भाड्यावर आणि एखाद्या दुकानावर बसायचं? आता तर विमानतळच आपल्या तालुक्यात आलाय, त्यामुळे जाणं सोपं झालं. ठरवणं तेवढंच अवघड राहिलं. युसूफ अलींनी हा निर्णय एकदा नाही, चार-पाच वेळा घेतला.

जन्म एप्रिल १८७२. घराणं दाऊदी बोहरा, म्हणजे व्यापारातलं. पण वडिलांनी धंद्याची वाट सोडून पोलीस खात्यात नोकरी धरली आणि इन्स्पेक्टर झाले. पुढे खानबहादूर ही पदवी मिळाली. चार-पाच वर्षांच्या मुलाला कुरआनची अरबी अक्षरं वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि मुलाने पुढे सगळा कुरआन पाठ केला. शाळा मुंबईतली अंजुमनची, नंतर विल्सन कॉलेज. म्हणजे एका हाताला दीनी तालीम, दुसऱ्या हाताला मिशनऱ्यांचं इंग्रजी. १८९१ साली एकोणिसाव्या वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले आणि सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात कायदा शिकायला निघाले. त्याच वर्षी वडील वारले.

चार वर्षांनी, १८९५ मध्ये, आयसीएस होऊन परत आले. आजच्या कलेक्टरकीपेक्षाही मोठी ती नोकरी, आणि त्या काळी तिच्यात आपली हिंदी माणसं फार थोडी. नेमणूक झाली संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही बापाला आपल्या मुलाबद्दल ऐकायला आवडेल अशी आहे.

१९०० साली इंग्लंडच्या बोर्नमाउथ गावात त्यांनी तेरेसा शाल्डर्स नावाच्या इंग्रज बाईशी लग्न केलं. लग्न चर्चमध्ये झालं. आपल्या वाचकांपैकी काहींना हे खटकेल. आम्ही त्यावर इथे निवाडा देत बसत नाही, पण ही गोष्ट लपवूनही त्यांचं चरित्र सांगता येत नाही. तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. मग संसाराची जी व्यवस्था ठरली ती नीट पाहण्यासारखी आहे. बायको आणि मुलं इंग्लंडमध्ये राहायची, कधी टनब्रिज वेल्स, कधी सेंट ऑल्बन्स, कधी नॉर्विच, आणि नवरा हिंदुस्थानात नोकरी करायचा. मध्ये रजा मिळाली की बोटीने जायचं, रजा संपली की परत.

आपल्याकडचा गल्फवाला तिकडे राबतो आणि त्याचं बिऱ्हाड इकडे असतं. युसूफ अलींचं उलटं होतं, कमावता माणूस आपल्या मुलखात आणि बिऱ्हाड परदेशात. पण फोन नाही, व्हिडिओ कॉल नाही, बोटीने जायला आठवडे लागायचे. १९०५ साली त्यांनी दोन वर्षांची रजा काढली आणि इंग्लंडात राहिले. त्या काळात लंडनमध्ये व्याख्यानं गाजली, मोठ्या लोकांशी ओळखी झाल्या. नोकरीत परतल्यावर भारत सरकारच्या अर्थखात्यात दोनदा वरच्या जागेवर कामही केलं. बाहेर मान वाढत होता आणि घर आतून सुटत चाललं होतं. पत्नीचं मन दुसरीकडे गेलं, १९१२ साली घटस्फोट झाला. कोर्टाने चारही मुलांचा ताबा बापाकडे दिला. पण बाप हिंदुस्थानात! मुलं इंग्लंडमध्ये एका गव्हर्नेसच्या हवाली झाली.

कागदावरचा ताबा आणि मुलांच्या मनावरचा ताबा यांत किती अंतर असतं ते पुढे दिसलं. मुलांनी बापाला जवळ केलं नाही. मोठी झाल्यावरही नाही. एका मुलाच्या वागण्याची तक्रार तर युसूफ अलींनी आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवली. मृत्युपत्रात असं लिहायची वेळ बापावर यावी, म्हणजे काय झालं असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९१४ साली, बेचाळीस वर्षांचे असताना, त्यांनी आयसीएसचा राजीनामा दिला आणि इंग्लंडला कायमचं राहायला गेले. एवढी मोठी नोकरी का सोडली? मुलं तिकडे होती, मोडलेलं का होईना घर तिकडे होतं, आणि वीस वर्षांत त्यांच्या मनात विलायतेबद्दल एक आपलेपणा तयार झाला होता. त्यांना मनापासून वाटायचं की ब्रिटिश राज्य आणि हिंदी मुसलमान यांचं भलं एकत्रच आहे. वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे ते विश्वस्त झाले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर समोर तुर्की खिलाफत होती. इंग्लंडमधल्या बऱ्याच मुसलमानांची त्यामुळे कुचंबणा झाली, पण युसूफ अलींनी उघडपणे ब्रिटिशांची बाजू घेतली. लेख लिहिले, भाषणं केली, स्कँडिनेव्हियाचा दौराही केला. १९१७ मध्ये सरकारने सीबीई हा किताब दिला. त्याच वर्षी लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये हिंदुस्थानी शिकवायला ते लागले.

या ठिकाणी आमचं मत स्पष्ट सांगतो. ही निष्ठा त्यांना फार महाग पडली. ज्या देशात राहायचं ठरवलं त्या देशाला खूश ठेवण्यासाठी माणूस कधी कधी गरजेपेक्षा जास्त देतो. तो देश किताब देतो, जेवणाला बोलावतो आणि म्हातारपणी विसरतो.

त्याच काळात लंडनमध्ये एक दुसरा माणूस अगदी उलटा विचार करत होता. मार्माड्यूक पिकथॉल हे जातीचे इंग्रज, पाद्र्याचे चिरंजीव, कादंबऱ्या लिहिणारे, १९१७ साली जाहीरपणे मुसलमान झालेले. तुर्कांविरुद्ध लढायला त्यांचं मन तयार नव्हतं. १९२० साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते इंग्लंड सोडून चक्क मुंबईला आले आणि बॉम्बे क्रॉनिकल या राष्ट्रीय वृत्तीच्या वर्तमानपत्राचे संपादक झाले. चार-एक वर्षांनी ती नोकरी सुटली तेव्हा १९२५ मध्ये हैदराबादला गेले, चादरघाट हायस्कूलचे प्रिन्सिपॉल झाले. निजामाने त्यांना पगारी सवलत देऊन कुरआनच्या भाषांतराला मोकळं केलं आणि १९३० साली ते भाषांतर छापून आलं. म्हणजे मुंबईत शिकलेला माणूस चाळिशीत लंडनला राहायला गेला, आणि लंडनचा माणूस चाळिशीत मुंबईला पोटापाण्याला आला. दोघांनीही पुढे कुरआन इंग्रजीत आणला. आमच्या मते आपल्या मुलांना ही गोष्ट शाळेत सांगायला हवी.

युसूफ अलींकडे परत येऊ. १९२० साली त्यांनी दुसरं लग्न केलं. गर्ट्रूड मॉबी या बाईंनी मासूमा हे नाव घेतलं. पण पहिल्या मुलांचा दोघांना इतका जाच झाला की नवराबायको इंग्लंड सोडून हिंदुस्थानात आले. कायमचा म्हणून घेतलेला निर्णय सहा-सात वर्षांत फिरला, आणि तो नोकरीने किंवा राजकारणाने फिरवला नाही, घरातल्या भांडणाने फिरवला. हैदराबाद संस्थानात महसूल खात्याची मोठी जागा मिळाली, ती थोड्याच काळात सुटली. एक मुलगा झाला, रशीद. मग अल्लामा इक्बाल यांच्या आग्रहावरून लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, १९२५ ते १९२७. पुन्हा विलायत. पुन्हा लाहोर. दुसरं लग्नही टिकलं नाही. लंडनला गेले की उतरायचं ठिकाण नॅशनल लिबरल क्लब. मुलं त्याच देशात, आणि बाप क्लबच्या खोलीत.

हे सगळं सामानासारखं बरोबर घेऊन फिरत असताना एक काम मात्र त्यांच्या हातात टिकून राहिलं. कुरआनचा तर्जुमा. गावोगावच्या प्रवासात टिपणं काढायची, पुस्तकं जमवायची, आलिम लोकांशी बोलायचं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याची प्रस्तावना लाहोरमध्ये ४ एप्रिल १९३४ या तारखेने लिहिली आहे. त्यात त्यांनी नावं न घेता कबूल केलंय की आयुष्यात एक असं दुःख आलं की बुद्धी ठिकाणावर राहील की नाही अशी वेळ आली, आणि या कामाने त्यातून बाहेर काढलं. वर काय काय घडलं ते वाचल्यावर ती दोन-चार वाक्यं वेगळीच वाटतात. आमची विनंती आहे, घरी ती प्रत असेल तर आयत वाचून झाल्यावर एकदा प्रस्तावनाही वाचा.

लाहोरच्या शेख मुहम्मद अशरफ या प्रकाशकांनी हा तर्जुमा १९३४ पासून भाग भाग करून काढला. सहा हजारांहून जास्त टीपा. काही टीपांवर आलिमांचे मतभेद आहेत आणि पुढच्या काही आवृत्त्यांमध्ये त्या बदलल्या किंवा गाळल्याही गेल्या. मदीनेतूनही सुधारित आवृत्ती निघाली आणि जगभर वाटली गेली. १९३८ च्या डिसेंबरात या कामाच्या निमित्ताने दौऱ्यावर असताना कॅनडात एडमंटनला अल-रशीद मशिदीचं उद्घाटन झालं, त्याला ते हजर होते. कॅनडातली ती पहिली मशीद. पूर्व लंडनची मशीद १९४१ साली कमर्शियल रोडवर उघडली, तिच्या फंडाचेही ते विश्वस्त. दुसऱ्यांच्या मुलखात राहणाऱ्या मुसलमानांना नमाजची जागा मिळावी म्हणून या माणसाने आयुष्यभर खटपट केली. स्वतःची राहायची जागा मात्र पक्की झाली नाही.

शेवटच्या दहा वर्षांतला बहुतेक काळ ते लंडनमध्ये होते. क्लबच्या खोल्या, नाहीतर रस्ते. शरीर थकलं, डोकंही नीट चालेना. कोणी चौकशी करायला नव्हतं. सरकार नाही, मुलं नाहीत, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यासाठी मशिदी उभ्या केल्या ती बिरादरीही नाही. ९ डिसेंबर १९५३. वेस्टमिन्स्टर भागात एका दाराच्या पायरीवर एक भ्रमिष्ट म्हातारा पोलिसांना दिसला. त्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी तिथून सोडलं आणि चेल्सीतल्या कौन्सिलच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे त्याच दिवशी हृदयाचा झटका आला, फुलहॅमच्या सेंट स्टीफन्स हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत आणि नंतरही जवळचं कोणी नव्हतं. १० डिसेंबरला इंतकाल झाला. वय एक्याऐंशी.

मय्यत घ्यायला घरचं कोणी आलं नाही. पाकिस्तानच्या हायकमिशनमध्ये त्यांना ओळखणारे होते, त्यांनी दफनाची व्यवस्था केली.

आम्ही हे लिहितोय ते गल्फ किंवा लंडनला जाऊ नका असं सांगायला नाही. पिकथॉलही परक्या मुलखातच राहिले आणि पंधरा वर्षं मानाने राहिले. फरक आम्हाला एवढाच दिसतो. पिकथॉल कामाच्या मागे एकदा गेले, बायको बरोबर होती आणि काम संपल्यावर १९३५ ला सरळ परत गेले. युसूफ अलींचं काम एका देशात, मुलं दुसऱ्या देशात, मन दोन्हीकडे. चाळिशीतले आपले लोक एजंटकडे बसतात तेव्हा पगार किती, टॅक्स किती, पीआर कधी, एवढं सगळं विचारतात. मुलं दहावीला असताना बाप कुठे असेल आणि आपण सत्तरीला आलो की दार कोण उघडेल, हे बायकोला घेऊन एक संध्याकाळ बसून विचारलेलं आम्ही फार कमी ऐकलंय. बायकोचं मत तर बऱ्याच घरांत तिकीट आल्यावर घेतलं जातं.

कबर ब्रुकवूडला आहे, वोकिंगजवळ, मुसलमानांच्या भागात. पिकथॉल १९३६ साली वारले, त्यांची कबरही तिथेच, फार लांब नाही. कोकणातून लंडनला मुलांकडे जाणारे बरेच जण आहेत. वॉटर्लू स्टेशनवरून ब्रुकवूडला थेट गाडी मिळते आणि कब्रस्तान स्टेशनला लागूनच आहे. कोणी गेलात तर दोघांसाठी फातिहा पढून या.