जेम्स जॉन बर्कली

जेम्स जॉन बर्कली (२१ ऑक्टोबर, १८१९ - २५ ऑगस्ट, १८६२) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंता होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीचे मुख्य निवासी अभियंता या नात्याने त्यांनी मुंबई-ठाणे हा लोहमार्ग उभारला आणि बोरघाटातील मार्गाची आखणी केली.

लंडनमधील हॉलोवे येथे जन्मलेले बर्कली १८३९ मध्ये प्रख्यात अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कार्यालयात रुजू झाले. १८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईत आले. १६ एप्रिल, १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी धावली.

कंपनीशी झालेल्या १८४९ च्या करारानुसार भागधारकांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न अपुरे पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर रयतेच्या पैशातून, भरली जाई. संचालक लंडनमध्ये, काम सह्याद्रीत आणि आराखड्यांना मंजुरी सरकारी सल्लागार अभियंत्याची, अशा दुहेरी नियंत्रणाखाली बर्कलींना काम करावे लागले.

बोरघाट

बोरघाटातील चढण सुमारे १५ मैल लांबीची व १,८३१ फूट उंचीची होती. तीवर २५ बोगदे खोदावे लागले. काम १८५६ मध्ये सुरू झाले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी कंत्राटदार फेव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. १८६१ मध्ये घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने व अपघातांत त्यांतील असंख्य दगावले. बर्कलींच्या कीर्तीबरोबर त्यांचीही नोंद व्हावयास हवी.

प्रकृती ढासळल्याने बर्कली इंग्लंडला परतले व सिडनहॅम येथे निवर्तले. घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो त्यांना पाहता आला नाही.

मालकीतील बदल

१९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच राहिला. ॲकवर्थ समितीच्या १९२१ मधील अहवालानंतर, १ जुलै, १९२५ पासून तो सरकारने स्वतःकडे घेतला. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरजेस जाणारा मीटरगेज मार्ग मात्र मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होता. तिचा कारभार सरकारकडे येण्यास १९४४ उजाडले. बर्कलींच्या आखणीत खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक होते. नव्या बोगद्यांमुळे १९२९ मध्ये ते वापरातून गेले.