सातवा एडवर्ड

सातवा एडवर्ड (मूळ नाव: आल्बर्ट एडवर्ड, ९ नोव्हेंबर १८४१, लंडन – ६ मे १९१०, लंडन) हा १९०१ पासून मृत्यूपर्यंत युनायटेड किंग्डमचा राजा व भारताचा सम्राट होता. राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट यांचा हा थोरला मुलगा. आयुष्याची जवळजवळ साठ वर्षे तो युवराजच राहिला. पित्याने त्याच्यासाठी अत्यंत कडक शिक्षणक्रम आखला होता. परंतु पुस्तकांपेक्षा माणसांत रमणारा हा मुलगा आईवडिलांना मंदबुद्धी वाटे. हे मत एकांगी होते, हे १८६० साली दिसून आले.

१८६० चा उत्तर अमेरिका दौरा

मॉन्ट्रियल येथील व्हिक्टोरिया पुलाच्या उद्‌घाटनासाठी कॅनडाने राणीला निमंत्रण दिले होते. तिच्याऐवजी १८ वर्षांच्या युवराजास पाठविण्यात आले. हे समजताच अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांनी त्याला आपल्याही देशात बोलावले. ब्यूकॅनन पूर्वी लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. या निमंत्रणाला वेगळे महत्त्व होते. ज्या तिसऱ्या जॉर्जविरुद्ध बंड करून अमेरिका स्वतंत्र झाली, त्याचाच हा पणतू. शिवाय १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन शहर जाळले होते. ब्रिटिश गादीच्या वारसाने या देशात पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

कॅनडातील कार्यक्रम आटोपून, ओटावा येथे संसदभवनाची कोनशिला बसवून व नायगारा पाहून, २० सप्टेंबर रोजी तो डेट्रॉइटला उतरला. वसाहतमंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल सोबत होते. भेट खासगी ठरावी म्हणून युवराजाने बॅरन रेनफ्र्यू हे नाव धारण केले होते. अर्थात त्याने कोणीही फसले नाही. शिकागो, सेंट लुइस, सिनसिनाटी अशी मजल करीत तो वॉशिंग्टनला पोहोचला व व्हाइट हाउसमध्ये उतरला. ५ ऑक्टोबर रोजी ब्यूकॅनन यांच्यासह तो माउंट व्हर्ननला गेला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या समाधीपुढे ब्रिटिश राजपुत्र उभा राहिला, ही या दौऱ्यातील सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल. तेथे त्याने एक झाडही लावले. गुलामगिरी चालू असलेल्या दक्षिणेत तो रिचमंडच्या पुढे गेला नाही.

न्यूयॉर्कमध्ये लोकांनी रस्ते दुतर्फा भरून टाकले. १२ ऑक्टोबरच्या नृत्यसमारंभात गर्दीच्या भाराने सभागृहाची जमीनच खचली. सुतारांनी घाईघाईने ती दुरुस्त केल्यावर नृत्य सुरू झाले. मात्र हे स्वागत सार्वत्रिक नव्हते. आयर्लंडमधील दुष्काळाच्या आठवणी ताज्या असलेल्या आयरिश सैनिकांच्या ६९ व्या पलटणीने मानवंदनेच्या संचलनास नकार दिला. त्याबद्दल तिचा कर्नल मायकेल कॉर्कोरन याच्यावर लष्करी खटला भरण्यात आला. पुढे यादवी युद्ध सुरू झाल्यावर सरकारला याच पलटणीची गरज भासली व खटला मागे घेतला गेला.

२० ऑक्टोबर रोजी युवराज पोर्टलंड बंदरातून निघाला. प्रतिकूल वाऱ्यांमुळे प्रवास लांबला व १५ नोव्हेंबरला तो प्लिमथला पोहोचला. तोवर अमेरिकेत लिंकन निवडून आले होते.

दौऱ्यानंतर

या दौऱ्याने निर्माण झालेला स्नेह किती पक्का होता, याची कसोटी वर्षभरातच लागली. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने ट्रेंट या ब्रिटिश टपालजहाजावरून दक्षिणेच्या दोन दूतांना पकडले व युद्धाचा प्रसंग उभा राहिला. आजारी आल्बर्टने ब्रिटिश खलित्याची भाषा सौम्य केली, पुढे दूतांची सुटका झाली व युद्ध टळले. मात्र त्याचे श्रेय दौऱ्याला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. आल्बर्टचा १४ डिसेंबर रोजी मृत्यू झाला. त्यापूर्वी थोडेच दिवस तो मुलाच्या एका प्रेमप्रकरणाबद्दल त्याला समज देण्यासाठी केंब्रिजला गेला होता. राणीने पतीच्या मृत्यूचा दोष मुलाला दिला व पुढे अनेक वर्षे त्याला राज्यकारभारापासून दूर ठेवले.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी तो भारतदौऱ्यासाठी मुंबईत उतरला. ब्रिटिश अधिकारी भारतीयांशी उर्मटपणे वागतात, अशी तक्रार त्याने पत्रांतून केली. या भेटीच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्याच्या अश्वारूढ पुतळ्यावरून मुंबईतील काळा घोडा परिसराला नाव मिळाले. पुतळा आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.