ताऱ्यांच्या रंगातून रक्ताच्या वेगाकडे : ख्रिश्चन डॉप्लर

पोटाची मोठी शस्त्रक्रिया तीन-चार तास चालते. टेबलावरच्या माणसाला भूल दिलेली असते, त्यामुळे आपल्याला काय होते आहे हे तो सांगू शकत नाही. मॉनिटरवर नाडी आणि रक्तदाब दिसत असतात, बोटाला लावलेल्या चिमट्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. पण हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आहे, हे यांपैकी एकाही आकड्यावरून थेट कळत नाही. रक्त कमी पडू लागले की शरीर हातापायांच्या, आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते आणि रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. वर आकडा १२०, आत आतडे उपाशी. त्याची किंमत पुढच्या काही दिवसांत मोजावी लागते: लघवी कमी होते, आतड्याचा जोड नीट भरत नाही.

म्हणून काही शस्त्रक्रियागृहांत भूलतज्ज्ञ रुग्णाच्या अन्ननलिकेत पेन्सिलीपेक्षा जाड नसलेला एक प्रोब सरकवतात. मग प्रत्येक ठोक्याला यंत्रातून ‘हुश्श… हुश्श’ असा आवाज येऊ लागतो. हा महाधमनीतून धावणाऱ्या रक्ताचा माग. या तपासणीचे नाव डॉप्लर. गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या किंवा पायाच्या शिरांच्या रिपोर्टवर ‘कलर डॉप्लर’ हे शब्द अनेकांनी वाचलेले असतात आणि पुष्कळांना ते यंत्राच्या कंपनीचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका शिक्षकाचे आडनाव आहे. वैद्यकाशी त्यांचा संबंध आला तो फक्त रुग्ण म्हणून.

ख्रिश्चन आंद्रेआस डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये झाला. (जुन्या पुस्तकांत त्यांचे नाव योहान ख्रिश्चन असे छापलेले आढळते, ती चूक वर्षानुवर्षे एकमेकांवरून उतरवली गेली.) घर गाठीला पैसा असलेल्या पाथरवटांचे. ज्या चौकात मोझार्ट कुटुंब काही वर्षे राहिले होते, त्याच चौकात डॉप्लरांचे घर होते. पण मुलाची प्रकृती तोळामासा. छिन्नी-हातोडा त्याला झेपणार नाही हे घरच्यांनी ओळखले. सायमन स्टाम्फर या गणिताच्या शिक्षकांनी मुलाची बुद्धी पारखली आणि १८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले.

शिक्षण संपले, पण पक्की नोकरी मिळेना. व्हिएन्नात चार वर्षे प्राध्यापकाचे सहायक म्हणून काढल्यावर तेही काम संपले. अर्ज करायचे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आणि वाट पाहायची. मधल्या काळात त्यांनी एका सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून दीड वर्ष खातेवह्या लिहिल्या. शेवटी कंटाळून त्यांनी अमेरिकेला जायचे ठरवले, सामानसुमान विकायला काढले. तेवढ्यात, १८३५ मध्ये, प्रागच्या एका तांत्रिक शाळेकडून बोलावणे आले. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले, पाच मुले झाली. १८४१ मध्ये ते प्रागच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले.

२५ मे १८४२ रोजी प्रागमधल्या शाही विज्ञान संस्थेच्या सभेत त्यांनी एक निबंध वाचला. श्रोते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. विषय होता जोडताऱ्यांचा रंग. मांडणी साधी होती. लहरी सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटतात, सेकंदाला जास्त संख्येने पोहोचतात. दूर जात असेल तर विरळ होतात. फलाटावर उभे असताना भोंगा वाजवत येणारी गाडी समोरून निघून गेली की भोंग्याचा सूर एकदम उतरतो, तो यामुळेच. डॉप्लर यांनी हेच प्रकाशाला लावले आणि इथे त्यांची एक गफलत झाली. सर्व तारे मुळात पांढरे असून त्यांचे निळे-तांबडे रंग गतीमुळे दिसतात, असे त्यांनी गृहीत धरले. ताऱ्यांचा वेग प्रकाशाच्या मानाने इतका किरकोळ असतो, की डोळ्याला दिसेल असा रंगबदल त्यातून होत नाही. ताऱ्याचा रंग ठरतो तो त्याच्या तापमानावरून. सूत्र बरोबर, उदाहरण चुकीचे, असा हा प्रकार होता.

ही चूक दाखवायला निघालेल्या माणसानेच सूत्र सिद्ध करून दिले, ही गंमत. हॉलंडच्या बॉइस बॅलट या तरुण शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये उट्रेक्टजवळच्या लोहमार्गावर एक आगगाडी मिळवली. गाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांचा कान असलेले वादक उभे केले. फेब्रुवारीत हिमवादळाने बेत फसला, जूनमध्ये तो साधला. गाडी येताना सूर चढला, जाताना उतरला. ध्वनीपुरते डॉप्लर बरोबर आहेत हे बॅलट यांनी मान्य केले, ताऱ्यांच्या रंगाबद्दलचा आक्षेप मात्र सोडला नाही. दोन्ही ठिकाणी त्यांचेच म्हणणे टिकले.

डॉप्लर यांचे दिवस यामुळे पालटले असे नाही. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा एकट्याने घेता घेता ते थकून जात. परीक्षा फार कडक घेतात अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली, चौकशी झाली, त्यात प्रकृती ढासळली आणि त्यांना दीर्घ रजा घ्यावी लागली. १८४७ मध्ये ते श्चेमनिट्झच्या खाणकाम अकादमीत गेले. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीनंतर व्हिएन्नाला परतले. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. पुढे वाटाण्यांवरच्या प्रयोगांनी प्रसिद्ध झालेला ग्रेगॉर मेंडेल तिथे त्यांच्या हाताखाली शिकला.

हे सुखही टिकले नाही. १८५२ मध्ये गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत त्यांच्यावर हल्ला चढवला. चार ओळींच्या बीजगणितातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, असा त्यांचा एकूण रोख होता. खरे तर पेट्झवाल बोलत होते ते वाहत्या माध्यमाबद्दल आणि डॉप्लर बोलत होते ते हलणाऱ्या उगमाबद्दल. विषय दोन होते, पण अकादमीतल्या बहुतेकांचा कल पेट्झवाल यांच्याकडे झुकला. डॉप्लर यांच्या फुप्फुसांचा विकार तोपर्यंत बळावला होता. त्या वर्षाच्या अखेरीस ते हवापालटासाठी व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारले. वय ४९. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्यांना पुरले. नेमकी जागा आज कुणाला दाखवता येत नाही.

त्यानंतर पंधरा वर्षांनी विल्यम हगिन्स यांनी व्याधाच्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा किंचित सरकलेल्या पाहून त्याचा वेग काढायचा प्रयत्न केला. वैद्यकात मात्र या सूत्राला शंभर वर्षे थांबावे लागले. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीवर सोडल्या आणि हलत्या हृदयावरून परतणाऱ्या लहरींतला फरक टिपला. मग रक्तवाहिन्यांची पाळी आली. इथे तुतारीवाल्याची जागा तांबड्या रक्तपेशींनी घेतली. सातोमुरा १९६० मध्ये, चाळिशीच्या आसपास, वारले.

शस्त्रक्रियागृहातल्या प्रोबमधून सेकंदाला सुमारे ४० लाख कंपनांचा ध्वनी निघतो. शरीरात तो सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो. महाधमनीत रक्त सेकंदाला एक मीटर वेगाने धावत असेल आणि किरण ४५ अंशांत पडत असेल, तर परतणाऱ्या ध्वनीत सुमारे ३,७०० कंपनांचा फरक पडतो. मूळ ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण हा फरक बरोबर कानाच्या टप्प्यात बसतो. ‘हुश्श’ तो हाच. एका ठोक्यात रक्त २० सेंटिमीटर पुढे सरकले आणि धमनीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असले, तर ६० मिलिलिटर रक्त बाहेर पडले. मिनिटाला ८० ठोके धरले की पावणेपाच लिटरच्या वर हिशेब जातो. निरोगी प्रौढ माणसाचा आकडा साधारण पाच लिटर असतो.

पूर्वी हे मोजायला मानेच्या शिरेतून हृदयापार, फुप्फुसाच्या धमनीत नळी घालावी लागे. १९७० पासून रूढ झालेल्या त्या नळीचे धोकेही होते. अन्ननलिका महाधमनीला अगदी खेटून जाते, त्यामुळे प्रोबला हृदयात शिरावे लागत नाही. भूलतज्ज्ञ २०० ते २५० मिलिलिटर सलाईन झपाट्याने देतात आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढते का ते पाहतात. दहा टक्क्यांच्या वर वाढले तर शरीराला पाणी हवे होते. वाढले नाही तर आणखी ओतण्यात अर्थ नसतो, उलट ते फुप्फुसांत आणि आतड्यांच्या भिंतींत साचते.

मोजमापाला मर्यादा आहेत, आणि त्यातली मुख्य मर्यादा डॉप्लर यांच्या सूत्रातच आहे: फरक पडतो तो फक्त आपल्या रोखाने असलेल्या गतीमुळे. किरण रक्तप्रवाहाला काटकोनात पडला तर यंत्र शून्य दाखवेल, मग हृदय कितीही जोरात चालत असो. शिवाय डोक्याकडे आणि हातांकडे जाणारे रक्त अन्ननलिकेजवळच्या या टप्प्याआधीच वेगळे झालेले असते. त्याची भर यंत्र वय, उंची आणि वजनावरून अंदाजाने घालते. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत असे मोजून सलाईन दिलेले रुग्ण लवकर घरी गेले. नंतरच्या अभ्यासांत, एरवीची काळजीही सुधारलेली असताना, फायदा तितका ठळक राहिला नाही. त्यामुळे धडधाकट माणसाच्या हर्नियासाठी या प्रोबची गरज नसते. हृदय आधीच दुबळे असलेल्या वृद्धाचे आतडे कापून जोडायचे असेल, किंवा खूप रक्त जाणार हे दिसत असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. शस्त्रक्रिया चालू असताना प्रोब जरा सरकला तरी आवाज मंदावतो. हृदय थकले की प्रोब फिरला, हे आकड्यावरून कळत नाही. मग भूलतज्ज्ञ प्रोब हलकेच फिरवतात, मागे-पुढे करतात, आणि आवाज पुन्हा खणखणीत झाला की मगच आकडा लिहून घेतात.